काचेवरचा टॅग आणि तिकिटामागचे चार रुपये

किणीच्या टोलनाक्यावर गाडी आता थांबत नाही, फक्त हळू होते. काचेच्या आतून चिकटवलेला फास्टॅग वरचं यंत्र वाचतं, आडवा दांडा उचलला जातो, मालकाच्या मोबाईलवर पैसे वजा झाल्याचा मेसेज येतो आणि गाडी पुण्याच्या वाटेला लागते. उलट्या दिशेला, कागल ओलांडून कर्नाटकात शिरलं की कोगनोळीचा नाका लागतो. तोच टॅग तिथंही चालतो. टॅग कोणत्या बँकेचा, गाडी कोणत्या राज्याची, याची चौकशी कुणी करत नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. नसेल त्याला तेव्हा दुप्पट टोल होता. सुरुवातीची कुरकुर काही महिन्यांत थांबली, कारण रांगेतला वेळ खरोखरच वाचला.

याच नाक्यावरून एसटीही जाते. तिच्या काचेवरही टॅग आहे, महामंडळाचा टोल त्यातूनच परस्पर भरला जातो. आणि नेमक्या त्याच वेळी गाडीच्या आत वाहक तिकिटाच्या पाठीवर पेनानं चारचा आकडा काढून त्याभोवती गोल करत असतो. "मावशी, सुट्टं न्हाईत. उतरताना घ्या." मावशी तिकीट मुठीत घट्ट धरून बसते. उतरताना गर्दी असली, वाहक मागच्या बाजूला असला, ड्रायव्हरनं घाई केली, तर ते चार रुपये गेले. कधी तीच पाचाची नोट पुढं करते आणि वाहकाला रुपया परत द्यायचा असतो, कधी वाहकाच्याच पदरचे दोन रुपये जातात. दिवसभरात अशी किती माणसं चढली-उतरली असतील याचा अंदाज कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर तासभर उभं राहिलं तरी येतो.

पैसे न मोजता, न थांबता, हात न लावता भरण्याची सोय आपल्याकडं आली, ती आधी मोटारीच्या काचेला मिळाली. बसमधल्या माणसापर्यंत ती अजून नीट पोचलेली नाही. या लेखात जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे, आणि ते कोल्हापुरातून म्हणायचं आहे; कारण घाटातली गावं, सीमेपलीकडचे नातेवाईक, यात्रांची गर्दी, सवलतीचे अनेक प्रकार, असं सगळं इथं एकाच स्टँडवर भेटतं. बसमध्ये स्पर्शाविना पैसे भरणारं कार्ड इथं नीट चाललं, तर कुठंही चालेल.

आधी सुट्ट्या पैशांचा प्रश्न नीट पाहू. एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं. एक टप्पा सहा किलोमीटरचा. त्यावर सवलती. ७५ वर्षांपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत, ६५ ते ७५ मधल्यांना निम्मं तिकीट, मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना निम्मं तिकीट. शिवाय विद्यार्थ्यांचे पास, दिव्यांगांच्या सवलती, मुलांचं हाफ तिकीट. जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं तेव्हा पाच-दहाच्या पटीत न बसणारे आकडे तिकिटांवर आले, आणि सुट्ट्यांवरून वाहक-प्रवाशांची वादावादी राज्यभर बातम्यांचा विषय झाली. त्यावर मोबाईलवरून पैसे द्या, असं प्रवाशांना सांगण्यात आलं. वाहकांच्या हातात आता अँड्रॉइडची तिकीट मशीनं आहेत, त्यांच्या पडद्यावर क्यूआर कोड उमटतो, तो स्कॅन करायचा. सोय चांगलीच आहे. शहरात, हमरस्त्यावर ती चालतेही.

पण रंकाळा स्टँडवरून गगनबावड्याला जाणाऱ्या गाडीत बसा. फुलेवाडी सुटलं, कळे गेलं, साळवण मागं पडलं, की डोंगर जवळ येतो. पावसाळ्यात तर काचेबाहेर काही दिसत नाही, नुसतं धुकं आणि पाणी. या वाटेवरच्या एका वाहकाला विचारलं, की क्यूआरनं किती जण पैसे देतात? तो म्हणाला, "स्टँडवर देत्यात की. पुढं चक्री फिरत ऱ्हाती. माणूस म्हणतंय पैसं गेलं, माझं मशीन म्हणतंय आलं न्हाईत. मग मी त्याला खाली उतरवू का?" उतरवत नाही कुणी. वाहक आपल्या खिशातून रोख भरतो आणि रात्री पैसे आलेत का बघतो. डेपोत वेबिल जुळवताना मात्र कुणाचं मशीन काय म्हणत होतं ते कुणी ऐकत नाही. तिकिटांचा आकडा आणि रोख जुळली पाहिजे.

या जागी कार्ड उपयोगी पडतं, आणि ते का, हे समजण्यासाठी त्याच्या पोटात काय असतं ते बघायला हवं. प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये नखापेक्षा लहान चिप असते आणि कार्डाच्या कडेकडेनं बारीक तारेचे वेढे असतात. कार्डात बॅटरी नसते. मशीन आपल्याभोवती १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतं. कार्ड त्यात आलं की वेढ्यांमधून चिपपुरती वीज निर्माण होते. चिप जागी होते, मशीनशी ओळख पटवते, शिल्लक रक्कम कमी करून नवी लिहिते आणि पुन्हा निपचित होते. हे सगळं सेकंदाच्या एका अंशात आटोपतं. कार्ड मशीनपासून चार-पाच सेंटीमीटरवर आणलं की पुरे, आत घालावं लागत नाही की घासावं लागत नाही. म्हणून पर्समध्ये असलं, पिशवीच्या कप्प्यात असलं, पावसात भिजलं, तरी चालतं.

आपल्या देशातलं जे सामायिक कार्ड आहे, नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, त्यात महत्त्वाची गोष्ट ही की प्रवासाचे पैसे बँकेच्या खात्यात न राहता थेट कार्डाच्या चिपवर ठेवता येतात. चंचीतले पैसे जसे चंचीतच असतात तसे. दोन हजारांपर्यंत. तिकीट काढताना मशीनला बँकेला विचारावं लागत नाही, म्हणजे नेटवर्क लागत नाही. हिशेब मशीन साठवून ठेवतं आणि गाडी नेटवर्कमध्ये आली की पाठवून देतं. करूळ घाटात आणि भुईबावड्यात जी 'चक्री' फिरत राहते, तिचा या व्यवहाराशी संबंधच उरत नाही.

४ मार्च २०१९ रोजी अहमदाबादेत पंतप्रधानांच्या हस्ते हे कार्ड सुरू झालं. देशभर एकच कार्ड, मेट्रोला, बसला, पार्किंगला आणि दुकानातही, ही त्यामागची कल्पना. फास्टॅगच्या सक्तीच्याही दोन वर्षं आधीची ही गोष्ट. मोटारवाल्यांचा टॅग दोन वर्षांत गावोगाव पोचला. बसवाल्यांचं कार्ड मेट्रोच्या काही शहरांपलीकडं फारसं गेलं नाही.

असं का झालं असावं? एक कारण उघड आहे. मधल्या काळात युपीआय सगळीकडं पसरलं. महाद्वार रोडवर, लक्ष्मीपुरीत, चप्पल लाईनीत, मिसळीच्या हॉटेलात काउंटरवर क्यूआरचा स्टँड आणि शेजारी किती रुपये आले ते ओरडून सांगणारा डबा. दुकानदारालाही ते परवडलं. युपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही हे १ जानेवारी २०२० पासून ठरलं, तर कार्ड घ्यायचं मशीन म्हणजे भाडं, कागदाची गुंडाळी आणि कटकट. दुकानात टॅप करण्याचं कार्ड कोल्हापूरला गरजेचं वाटलंच नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. दुकानदारासमोर माणूस दोन मिनिटं उभा राहू शकतो. बसच्या दारात राहू शकत नाही. प्रवासातला व्यवहार हा वेगळ्या जातीचा आहे: मागून लोक ढकलतात, एका हातात पिशवी असते, दुसऱ्या हातानं दांडा धरलेला असतो, गाडी हलत असते. तिथं फोन काढा, कुलूप उघडा, ॲप शोधा, स्कॅन करा, पिन टाका, हे सगळं करायला तिसरा हात लागतो.

आणि ज्यांच्याकडं फोनच नाही, त्यांचं काय? एसटीत बसणारी माणसं कोण असतात ते बघा. शाळेला जाणाऱ्या मुली. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. त्यातल्या बहुतेकींच्या दप्तरात मोबाईल नसतो आणि नसावा असंच त्यांच्या घरच्यांना आणि शिक्षकांना वाटतं. दवाखान्याला, सीपीआरला निघालेल्या आज्या. बाजाराला आलेल्या बायका. गारगोटीच्या गाडीत एका आज्जींना विचारलं, आज्जी, फोनवरनं पैसे देता का? त्या म्हणाल्या, "फोन हाय की, पण त्यो पोराकडं असतोय. मी बटणाचा वापरत्ये." बटणाच्या फोनवर पैसे देण्याची सोयही आहे म्हणा, पण आज्जींना ती कुणी शिकवलेली नाही. त्यांच्या कमरेच्या पिशवीत मात्र कागदपत्रांचा एक प्लास्टिकचा पुडा असतो: आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, दवाखान्याचं कार्ड. कार्ड जपायचं असतं हे त्यांना ठाऊक आहे. फोनपेक्षा कार्ड त्यांच्या हाताला कितीतरी ओळखीचं आहे.

म्हणून मला वाटतं की स्पर्शाविना चालणारं कार्ड ही काही मोबाईलवाल्यांची चैन नव्हे. मोबाईलवाल्यांचं त्याशिवायही चाललं आहे. हे कार्ड खऱ्या अर्थानं ज्यांच्या हातात मोबाईल नाही, ज्यांना पिन आठवत नाही, ज्यांना वाचता येत नाही त्यांचं आहे. ते त्यांच्यासाठी म्हणून घडवलं, तर त्याचा आकार-उकार वेगळा होतो.

एसटीनं असा प्रयत्न केला नाही असं नाही. २०१९ च्या जूनमध्ये, १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली त्याला ७१ वर्षं झाली त्या सुमारास, महामंडळानं स्मार्ट कार्डाची योजना आणली. ज्येष्ठ नागरिक आणि इतर सवलतवाले यांच्यासाठी ती मुख्यतः होती. डेपोत जायचं, आधार दाखवायचं, मोबाईल नंबर द्यायचा, नोंदणी करायची, मग काही दिवसांनी कार्ड. तेव्हा ज्येष्ठांच्या सवलतीला वर्षाला चार हजार किलोमीटरची मर्यादा होती आणि ती कार्डावर मोजली जायची होती. कोल्हापूरच्या स्टँडवर त्या काळात सकाळी सातपासून म्हातारी माणसं रांगेत बसलेली असायची. कुणाच्या आधारवर जन्मतारखेऐवजी नुसतं साल होतं, कुणाचा अंगठा उमटत नव्हता. मग कोरोना आला. कार्ड सक्तीचं करण्याच्या मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या, आणि शेवटी आधार दाखवून प्रवास हेच पूर्ववत चालू राहिलं. आजही आज्जी वाहकाला आधार दाखवतात, वाहक वय बघतो आणि शून्य रुपयाचं तिकीट काढून देतो. त्या शून्याच्या तिकिटालाही महत्त्व आहे. सरकारकडून महामंडळाला सवलतीची भरपाई मिळते ती याच तिकिटांच्या हिशेबावर.

या प्रयत्नातून जे शिकायला हवं ते मला असं दिसतं. तिथं कार्ड हे पैशाचं साधन न होता ओळखपत्र झालं. माणूस पात्र आहे की नाही हे तपासणं हाच त्याचा पहिला हेतू राहिला. म्हातारीच्या सोयीआधी खात्याचा संशय फिटायला हवा होता. मुंबईतही आणि पुण्यातही कार्डांचा इतिहास फारसा वेगळा नाही, फक्त तिथं अडचण दुसरी होती. मुंबईत 'गो मुंबई' कार्ड आलं आणि विरलं. पुढं मेट्रोचं कार्ड वेगळं, बेस्टचं 'चलो' कार्ड वेगळं, रेल्वेच्या तिकीट यंत्रांचं कार्ड वेगळं. पुण्यात पीएमपीचं 'मी कार्ड' आलं, ते मेट्रोच्या दारात निरुपयोगी ठरलं. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत 'मुंबई वन' आणि त्याच वर्षी पुणे मेट्रोचं 'एक पुणे' ही सामायिक जातीची कार्डं आली, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. कोल्हापूरची पोरं नोकरीला पुण्यात असतात. दिवाळीला गावी येताना त्यांच्या पाकिटात ते कार्ड असतं. स्वारगेटला मेट्रोतून उतरून ते एसटीत बसतात आणि वाहकासमोर पुन्हा नोट काढतात.

हाँगकाँगची गोष्ट इथं सांगण्याजोगी आहे. सप्टेंबर १९९७ मध्ये तिथं 'ऑक्टोपस' कार्ड सुरू झालं. तिथल्या भुयारी रेल्वेला, उपनगरी रेल्वेला, बसकंपन्यांना आणि फेरीबोटींना नाण्यांच्या ढिगाचा जाच होत होता. या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी १९९४ मध्येच एकत्र येऊन एक सामायिक कंपनी काढली, आणि सगळ्यांचा गल्ला एका कार्डावर आणला. पहिल्या तीन महिन्यांत ३० लाख कार्डं खपली. तंत्र जपानच्या सोनी कंपनीचं होतं, पण यश तंत्राचं नव्हतं. बसवाला आणि रेल्वेवाला एका हिशेबाला बसले, हे त्याचं खरं कारण. दुकानं, उपाहारगृहं नंतर आली. आधी प्रवास नीट झाला. आपल्याकडं उलटं करायची घाई असते. एकाच कार्डावर दुकान, पार्किंग, कर, दवाखाना सगळं आणू म्हणतात, आणि बसचं मशीनच धड नसतं.

ऑक्टोपसमधली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. कार्डात शिल्लक कमी असली तरी शेवटचा एक प्रवास करू देतात, रक्कम उणे होते, पुढच्या वेळी पैसे भरताना ती वळती होते. लंडनमध्ये जुलै २०१४ मध्ये बसमधली रोकड पूर्ण बंद केली, तेव्हा तिथंही अशीच एका जादा फेरीची मुभा ठेवली, रात्री कुणी अडकू नये म्हणून. आपल्या एसटीचा वाहक हे आजही करतो. ओळखीची बाई असेल, पोर असेल, तर 'उद्या द्या' म्हणतो. मशीन आलं म्हणून हा समजूतदारपणा जाता कामा नये. तो मशीनमध्ये लिहूनच ठेवता येतो, जगानं ते करून दाखवलं आहे.

आता सीमेकडं येऊ. कोल्हापूर-निपाणी ही गाडी म्हणजे एक तासाचा प्रवास. पण तो दोन राज्यांतून होतो. महाराष्ट्रातली महिलांची निम्म्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत. पुढच्या तुकड्याचं पूर्ण भाडं. कर्नाटकात जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये फुकट प्रवास, पण फक्त कर्नाटकातल्या रहिवासी बायकांना आणि राज्यातल्या राज्यात. म्हणजे कागलची लेक आणि निपाणीची सून एका बाकावर बसल्या तरी दोघींचा हिशेब वेगळा, आणि गाडी कोल्हापूरची की कर्नाटकाची यावर तो पुन्हा बदलतो. हे सगळं वाहकानं चालत्या गाडीत, तोंडी, दोन भाषांतून समजवायचं. मराठी बोलणारी निपाणी, चिकोडी, संकेश्वरची माणसं खरेदीला, दवाखान्याला, अंबाबाईला कोल्हापुरातच येतात. फास्टॅग कोगनोळीच्या नाक्यावर राज्य विचारत नाही. बसमधल्या बाईला मात्र प्रत्येक वेळी आपण कुठल्या राज्याच्या ते सिद्ध करावं लागतं. सवलतीचा प्रकार एकदा कार्डावर नोंदवला आणि दोन्ही महामंडळांची मशीनं ते कार्ड वाचू लागली, तर हा हिशेब मशीन करील. हे अवघड नाही. सामायिक कार्डात पास आणि सवलती साठवण्यासाठी वेगळी जागा ठेवलेलीच आहे. अवघड आहे ते दोन राज्यांच्या महामंडळांनी एका टेबलाला बसणं.

कोल्हापुरात बाहेरून येणाऱ्या माणसांत आता एक नवी भर पडली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांतले पक्षकार आणि वकील आता भाऊसिंगजी रोडवर येतात. सावंतवाडीहून, वैभववाडीहून सकाळी निघालेला माणूस मध्यवर्ती स्टँडवर उतरतो, तिथून पुढं केएमटी, म्हणजे शहराची बस, किंवा रिक्षा. तारखेला वेळेवर पोचायचं असतं. एसटीतून उतरून केएमटीत चढताना तेच कार्ड चाललं, तर परक्या गावात त्याला कुणाला काही विचारावं लागणार नाही.

केएमटीचं काय? शहरातल्या माणसाला केएमटीची आठवण येते ती बहुधा गाडी न आल्यामुळं. जुन्या गाड्या, तोटा, रस्त्यात बंद पडणं हे वर्षानुवर्षं चाललं आहे. पण केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत, जी ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली, कोल्हापूरला १०० विजेच्या बस मंजूर झाल्या आहेत. या योजनेत सामायिक कार्डावर चालणारी तिकीट व्यवस्था उभारायलाही मदत धरलेली आहे. म्हणजे कार्ड घेणारं मशीन कोल्हापूरच्या बसमध्ये येणार, ते कसं यावं हे ठरवायची वेळ हीच आहे. एकदा निविदा निघाली, कंत्राट दिलं, पाच-दहा वर्षांसाठी ठेकेदाराची पद्धत बसली, की मग कोल्हापूरकर कितीही बोलला तरी मशीन बदलत नाही.

आणि कोल्हापूर बोलतंच. टोलचं आंदोलन आठवा. शहरातले सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते खासगी कंपनीकडून बांधून घेऊन त्यावर टोल बसवला गेला. प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय कृती समितीनं वर्षानुवर्षं लढा दिला, मोठे मोर्चे निघाले, आणि २०१५ च्या अखेरीस सरकारला हा टोल रद्द करावा लागला. लोकांचा राग पाच-दहा रुपयांवर नव्हता. रस्ता कुणाचा, करार काय, किती गोळा केलं, हिशेब कुठं आहे, असे प्रश्न होते. कार्डाच्या बाबतीतही हेच प्रश्न या गावानं विचारायला हवेत.

कारण कार्ड नुसतं पैसे कापत नाही, नोंदही ठेवतं. कोण, कुठून, कुठं, किती वाजता. ही नोंद उपयोगी आहे: कोणत्या मार्गावर कधी गर्दी होते, कुठं गाड्या वाढवाव्यात, हे अंदाजानं न ठरवता बघून ठरवता येतं. जोतिबाच्या चैत्र यात्रेला किती जण कुठल्या वाटेनं चढतात हे कळलं तर गाड्यांची सोय लावणं सोपं जाईल. पण हीच नोंद विकताही येते. २०१० मध्ये हाँगकाँगच्या त्याच गौरवलेल्या ऑक्टोपस कंपनीनं तिच्या बक्षीस योजनेतल्या जवळपास वीस लाख ग्राहकांची माहिती व्यापारी कंपन्यांना दिल्याचं आणि त्यातून चार कोटी चाळीस लाख हाँगकाँग डॉलर मिळवल्याचं उघड झालं. कंपनीच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. चांगली व्यवस्था उभारणाऱ्यांनीच हे केलं, म्हणून ते जास्त लक्षात ठेवायला हवं.

यावर उत्तर आहे आणि ते आपल्या रिझर्व्ह बँकेनंच देऊन ठेवलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बँकेनं सार्वजनिक वाहतुकीसाठी बिनओळखीच्या कार्डाला परवानगी दिली. केवायसी नाही, आधार नाही, मोबाईल नंबर नाही. तीन हजारांपर्यंत शिल्लक ठेवता येते, त्यातून रोख काढता येत नाही, फक्त प्रवास. हे कार्ड घरात एक असावं आणि जो बाहेर निघेल त्यानं घेऊन जावं: आज आज्जी, उद्या नातू. सवलत ज्यांना हवी त्यांचं नावाचं कार्ड वेगळं राहू द्या, पण ज्याला नुसतं सुट्ट्याच्या कटकटीतून सुटायचं आहे त्याला नाव विचारायचं कारण नाही. २०१९ ची चूक पुन्हा करायची नसेल तर सुरुवात या बिननावाच्या कार्डानं करावी, असं मला ठाम वाटतं.

उरतो तो पैसे भरण्याचा प्रश्न, आणि कार्डाचं जगणं-मरणं तिथंच ठरणार आहे. सामायिक कार्डात मोबाईलवरून पैसे भरले तरी ते लगेच चिपवर उतरत नाहीत. कार्ड एखाद्या मशीनला लावून ती रक्कम कार्डावर घ्यावी लागते. मेट्रोच्या स्टेशनात हे यंत्र भिंतीला असतं. भुदरगडातल्या वाडीवर ते कुठं असणार? माझ्या मते वाहकाच्या मशीनवरच. आज्जींनी शंभराची नोट द्यावी, वाहकानं कार्ड मशीनला लावून शंभर रुपये चढवावेत, त्यातून तिकीट कापावं. नोट मोडावी लागली नाही, सुट्टे लागले नाहीत. दुसरी जागा गावातल्या दूध संस्थेची. गोकुळच्या जाळ्यातल्या गावोगावच्या संस्थांमध्ये सकाळ-संध्याकाळ दूध मोजलं जातं, फॅटची छापील पावती हातात येते, हिशेबाला माणूस हजर असतो. बायका तिथं रोज जातात. १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरात सत्तर गावांना संगणकानं जोडण्याचा प्रकल्प झाला होता. काही वर्षांनी त्यातली संगणक केंद्रं खर्चिक पडू लागली, तेव्हा उसाचा हिशेब साध्या मोबाईलच्या मेसेजवरून देण्याचा प्रयोगही तिथं झाला. शेतकऱ्याला यंत्र कोणतं याच्याशी घेणं नव्हतं, त्याला आपल्या उसाचं वजन कळायला हवं होतं. या जिल्ह्यात यंत्रावर हिशेब बघायची सवय दोन पिढ्यांची आहे. कार्ड भरायला दूध संस्था, रेशन दुकान, गावचा किराणा, अशी ठिकाणं दिली तर ते चालेल. भरायला तालुक्याला जावं लागलं तर ते कपाटात पडून राहील.

रोकड मात्र बंद करू नये. लंडनला जमलं म्हणून इथं करू नये. यात्रेला आलेला सोलापूरचा भाविक, पहिल्यांदा एसटीत बसलेलं पोर, कार्ड घरी विसरलेला म्हातारा, यांच्याकडं नोट असेल तर ती घेतली गेलीच पाहिजे, जादा पैसे न लावता. कार्डवाल्याला एखादा रुपया सूट दिली तर चालेल. नोटवाल्याला दंड नको.

वाहकांशी बोलताना एक गोष्ट वारंवार ऐकू आली, जी प्रवाशाच्या बाजूनं बघताना निसटते. मुक्कामी गाडीवरचा वाहक रात्री आडगावात झोपतो. कधी ग्रामपंचायतीच्या खोलीत, कधी गाडीतच. दिवसभराची रोकड त्याच्या उशाशी असते. ती सकाळी परत येऊन डेपोत भरेपर्यंत जबाबदारी त्याची. कमी पडली तर पगारातून. "कार्ड आलं तर आमचं निम्मं ओझं उतरंल," एक वाहक म्हणाला. मग थांबून त्यानं विचारलं, "पण मशीनची बॅटरी दुपारी उतरत्ये, तिचं काय?" आजच्या मशीनचीच ही तक्रार आहे. गाडीत चार्जिंगची जागा नाही, असली तरी चालत नाही, सकाळी सहाला डेपोतून घेतलेलं मशीन दुपारच्या फेरीला मान टाकतं आणि मग वाहक जुन्या छापील तिकिटांच्या पेटीकडं वळतो. शंभर नव्या गाड्यांच्या निविदेत कार्डाचं मशीन लिहिलं जाईल, तेव्हा वाहकाच्या बाकाशेजारी चालू असलेला एक चार्जिंग पॉइंट आणि डेपोत राखीव बॅटऱ्या हेही त्याच पानावर लिहायला हवं.